टायर, निकामी : रस्ते व क्रीडांगणे यांतील वापर

झिजलेल्या, फुटलेल्या किंवा अन्य कारणाने वाहनास पुन्हा बसविण्यास अयोग्य ठरलेल्या टायरांना निकामी टायर म्हणतात. असे टायर फाडून व दळून रबराचा चुरा मिळतो. हा चुरा डांबरी रस्त्यांच्या बंधकात मिसळणे आणि त्याच रबराच्या मोठ्या कणांपासून मुलांच्या क्रीडांगणांचे व धावपट्ट्यांचे मऊ पृष्ठभाग तयार करणे, हे त्यांच्या पुनर्वापराचे दोन महत्त्वाचे मार्ग होत. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही मार्गांचे तत्त्व, पद्धती, फायदे व मर्यादा यांचे विवेचन मुख्यतः पुणे शहराच्या परिस्थितीस धरून केले आहे.

पुणे हे वाहनांचे शहर आहे. पिंपरी, आकुर्डी व चाकण या भागांत मोटारी, मालमोटारी, स्कूटर व मोटारसायकली यांची निर्मिती होते. चाकण येथे ब्रिजस्टोन कंपनीचा टायरांचा कारखानाही आहे. २०१८ मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या सु. ३६ लाख, म्हणजे शहराच्या अंदाजित लोकसंख्येहून अधिक झाली. त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. प्रत्येक वाहनाचे टायर काही वर्षांनी बदलावेच लागतात. त्यामुळे ज्या शहरात वाहने इतकी, तेथे निकामी टायरांचे काय होते, हा प्रश्न केवळ भंगाराच्या व्यापाराचा राहत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा व नगररचनेचाही होतो.

संरचना व टिकाऊपणा : बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव झिजली, तर तिचे लोखंड भट्टीत तापवून दुसऱ्या कामी घडविता येते. रबरी टायरचे तसे होत नाही. याचे कारण त्याच्या रासायनिक घडणीत आहे. कच्चे रबर उष्णतेने चिकट व थंडीने ठिसूळ होते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये असे आढळले की, रबर गंधकाबरोबर तापविल्यास हे दोष नाहीसे होतात. या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. तीत रबराच्या लांब साखळीसारख्या रेणूंमध्ये गंधकाचे आडवे बंध निर्माण होऊन सर्व रेणूंचे एक जाळे बनते. या जाळ्यामुळे रबर ताणले तरी पूर्ववत होते; पण त्यामुळेच ते पुन्हा वितळत नाही, विरघळत नाही आणि सहजासहजी कुजतही नाही. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर प्रचारात आणल्यानंतर व्हल्कनित रबराचा सर्वांत मोठा उपयोग टायरांसाठी होऊ लागला.

आधुनिक टायरमध्ये नैसर्गिक व संश्लिष्ट रबर मिळून सु. निम्मे वजन असते. उरलेल्या भागात बळकटी देणारी काजळी (कार्बन ब्लॅक), पोलादी तारा, नायलॉनसारखे धागे, तेले, गंधक, झिंक ऑक्साइड आणि ऑक्सिडीकरण व ओझोन यांपासून संरक्षण देणारी रसायने असतात. मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या टायरांत नैसर्गिक रबराचे प्रमाण मोटारगाड्यांच्या टायरांपेक्षा अधिक असते. म्हणून रस्त्याच्या बंधकासाठी त्यांचा चुरा विशेष पसंत केला जातो.

साठ्यांचे उपद्रव : उघड्यावर पडलेला टायर कसाही ठेवला, तरी त्याच्या पोकळीत पावसाचे थोडे पाणी साचून राहतेच. हे पाणी सावलीत असते, लवकर आटत नाही आणि त्यात पालापाचोळा कुजून डासांच्या अळ्यांना खाद्य मिळते. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका या रोगांचा प्रसार करणाऱ्या एडिस ईजिप्ती या डासास अशी लहान पाणसाठ्याची जागा फार मानवते. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास सु. ७ ते १० दिवस पुरतात. त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे टायर एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना डासांची अंडीही त्यांबरोबर जातात. एडिस आल्बोपिक्टस ही आशियाई जात १९८५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यात स्थिरावल्याचे आढळले, ती जुन्या टायरांच्या आयातीतूनच तेथे पोहोचली असे मानले जाते.

पुण्यात या विषयाचे महत्त्व जुने आहे. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी १९५२ मध्ये येथे व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले; १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला, तर २०२४ मध्ये पुणे शहरातच या रोगाचे अनेक रुग्ण आढळले. पंक्चरच्या दुकानांमागे, गॅरेजांच्या आवारात व पत्र्याच्या छपरांवर पडलेले टायर हटविणे, झाकणे किंवा त्यांना भोके पाडणे ही डास नियंत्रणाची नेहमीची उपाययोजना होय. टायर गोळा होऊन त्यांचा चुरा झाला की, पाणी साचण्याची ही पोकळीच उरत नाही.

दुसरा धोका आगीचा. टायरचे रबर दगडी कोळशाइतकी किंवा त्याहून अधिक उष्णता देते. मोठ्या ढिगास आग लागली की, टायरांच्या पोकळ्यांतून हवा मिळत राहिल्याने ती विझविणे अत्यंत कठीण जाते. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे १९९० मध्ये लागलेली अशी आग १७ दिवस चालू होती. उघड्यावर टायर जाळल्याने दाट काजळी, गंधकाची ऑक्साइडे व कर्करोगजनक बहुवलयी संयुगे हवेत मिसळतात. तरीही स्वस्त जळण म्हणून काही वीटभट्ट्यांत आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांत टायर टाकले जातात.

पुनर्वापराच्या जुन्या पद्धती : भारतात टायर एकदा वापरून टाकून देण्याची वस्तू कधीच नव्हती. झिजलेल्या टायरावर नक्षीचा नवा पट्टा चढवून तो पुन्हा वापरणे, म्हणजे ‘रिमोल्ड’ करणे, मालमोटारींच्या धंद्यात सर्रास चालते. जुने टायर बैलगाडीला बसवून झालेल्या टायरगाड्या ऊसतोडणी कामगारांच्या तांड्यांबरोबर साखर कारखान्यांच्या परिसरात दिसतात. टायरच्या तळाच्या वहाणा, झाडाला टांगलेले झोके, बंदरातील धक्क्यावर नावांचा धक्का सोसणारे टायर ही आणखी उदाहरणे होत. उपयोगितेच्या दृष्टीने रिमोल्ड हा उपाय पहिल्या क्रमांकाचा, कारण त्यात टायर टायरच राहतो. परंतु सांगाडा दुबळा झाल्यावर तोही संपतो, आणि मग टायरचे रूप मोडण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यापुढील मार्ग मुख्यतः चार आहेत : सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून वापर, हवेवाचून तापवून तेल, वायू व कोळसा मिळविणे, आडवे बंध अंशतः तोडून पुनःप्रापित रबर बनविणे, आणि चुरा करणे. यांपैकी पहिल्या दोहोंत रबराचे रबरपण नष्ट होते. शेवटच्या दोहोंत ते कमीअधिक टिकते. रस्ते व क्रीडांगणे यांतील वापर चुऱ्यावर अवलंबून आहे.

चुरा करण्याच्या पद्धती : प्रथम टायरच्या कडेतील जाड तारांचे वेढे ओढून काढतात. नंतर टायर यंत्राने फाडून त्याचे तुकडे करतात व ते खाचदार रुळांतून किंवा दळणयंत्रांतून वारंवार नेऊन बारीक करतात. पोलादाचे कण चुंबकाने, तर धागे हवेच्या झोताने व चाळणीने वेगळे केले जातात. सामान्य तापमानात दळलेल्या कणांचा पृष्ठभाग खडबडीत व सच्छिद्र असतो. दुसऱ्या पद्धतीत तुकडे द्रव नायट्रोजनाने अतिशय थंड करतात. रबर काचेसारखे ठिसूळ होते व घणाच्या आघाताने फुटते. असे कण गुळगुळीत व कोनदार असतात. ते स्वच्छ असले, तरी पृष्ठभाग कमी असल्यामुळे तप्त बंधकाशी त्यांचा संयोग अधिक सावकाश होतो. रस्त्यासाठी सामान्यतः ०·६ मिमी.हून बारीक चुरा, तर क्रीडांगणांसाठी १ ते ६ मिमी. आकाराचे कण लागतात.

रस्त्यांतील वापर : बोलभाषेत ज्याला डांबर म्हणतात, ते रस्त्यावर वापरले जाणारे द्रव्य बहुधा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिट्युमेन असते. दगडी कोळशापासून मिळणारे खरे डांबर निराळे. खडी, वाळू व दगडाची भुकटी यांना धरून ठेवणे हे बिट्युमेनाचे काम. पण ते तापमानाला फार संवेदनशील असते. पुण्यात एप्रिल महिन्यात हवेचे तापमान ४०° से.च्या आसपास पोहोचते, तेव्हा उन्हातील काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६०° से.पर्यंत तापू शकतो. बिट्युमेन मऊ पडते आणि जड वाहनांच्या चाकांखाली रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात. बसथांबे व चौकांतील सिग्नल यांपाशी, जेथे वाहने सावकाश चालतात व थांबतात, तेथे त्या विशेष खोल असतात. उलट कालांतराने बिट्युमेनातील हलकी तेले उडून जाऊन व ऑक्सिडीकरण होऊन ते कठीण बनते, वारंवार पडणाऱ्या भाराच्या शिणवट्याने त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी आत शिरते. रबर मिसळण्याचा हेतू या दोन्ही टोकांचे दोष कमी करणे हा आहे.

इतिहास : बिट्युमेनात नैसर्गिक रबर मिसळण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून झाले. टायरच्या चुऱ्याचा व्यवहार्य वापर मात्र १९६० नंतरचा आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहराचे अभियंते चार्ल्स मॅक्डॉनल्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात तप्त बिट्युमेनात चुरा काही काळ मुरवून रस्त्यांच्या भेगा व खड्डे दुरुस्त करण्याची पद्धत विकसित केली. फीनिक्सचे हवामान अतिउष्ण असल्याने तिचे गुण लवकर दिसून आले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये रबराचे मोठे कण थेट खडीत मिसळण्याची पद्धत निघाली. पहिलीस ओली व दुसरीस कोरडी पद्धत म्हणतात.

अमेरिकेच्या संघशासनाने १९९१ मध्ये कायदा करून साहाय्यप्राप्त रस्त्यांच्या कामात टायरचे रबर क्रमाक्रमाने वाढत्या प्रमाणात वापरणे राज्यांवर बंधनकारक केले. परंतु वाढता खर्च व अपुरा अनुभव यांमुळे राज्यांच्या बांधकाम खात्यांनी विरोध केला आणि १९९५ मध्ये ती सक्ती रद्द झाली. ॲरिझोना व कॅलिफोर्निया यांसारख्या ज्या राज्यांत तंत्र आधी रुजले होते, तेथे मात्र वापर चालूच राहिला.

ओली पद्धत : बिट्युमेन सु. १७५° ते १९०° से.पर्यंत तापवून त्यात चुरा घालतात व साधारण पाऊण ते एक तास ढवळत ठेवतात. रबर या तापमानात वितळत नाही. ते बिट्युमेनातील हलकी तेले शोषून घेते व फुगते. कणांचे आकारमान दुपटी–तिपटीने वाढते. तेले कमी झाल्यामुळे व फुगलेले कण एकमेकांच्या जवळ आल्यामुळे मिश्रणाची श्यानता वाढते, मृदुबिंदू वर जातो आणि त्यास काही अंशी स्थितिस्थापकता येते. काजळी व टायरमधील प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये यांमुळे बंधकाचे जरणही मंदावते. ॲरिझोनाच्या पद्धतीत रबराचे प्रमाण मिश्रणाच्या सु. १५ टक्के किंवा अधिक असते. भारतात ते सामान्यतः १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

या क्रियेस काळाची मर्यादा आहे. कमी वेळ तापविल्यास कण पुरेसे फुगत नाहीत. फार वेळ किंवा फार तापविल्यास रबराचे जाळे तुटू लागते व वाढलेली श्यानता पुन्हा घटते. ढवळणे थांबले तर कण टाकीच्या तळाशी बसतात. मिश्रण घट्ट असल्याने खडीत कालवणे, पसरणे व रोलरने दाबणे ही कामे साध्या बिट्युमेनापेक्षा सु. १०° ते २०° से. अधिक तापमानात उरकावी लागतात. डंपर वाहतुकीत अडकून मिश्रण निवले, तर दबाई अपुरी होते, थरात हवेच्या पोकळ्या राहतात आणि उत्तम बंधक असूनही रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडतो.

कोरडी पद्धत : हीत रबराचे कण खडीचा एक भाग म्हणून मिश्रणात घालतात. टाकी व ढवळणी यांचा खर्च वाचतो व रबर अधिक खपते. परंतु कण रोलर फिरल्यानंतरही फुगत राहिल्यास थर सैल होतो. त्यामुळे या पद्धतीचे निष्कर्ष ठिकठिकाणी वेगवेगळे आले आहेत.

प्लॅस्टिकच्या रस्त्यांशी या पद्धतींची गल्लत होते. मदुराई येथील राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत पिशव्यांचे प्लॅस्टिक तप्त खडीवर वितळून तिच्यावर लेप चढतो व मग बिट्युमेन घालतात. टायरचे रबर व्हल्कनित असल्याने असा लेप देऊ शकत नाही. त्याचे कार्य बंधकाच्या आतच घडते. केरळमध्ये रस्त्यांसाठी वापरले जाणारे रबरयुक्त बिट्युमेन हेही निराळे. त्यात झाडाच्या चिकापासूनचे नैसर्गिक रबर मिसळतात.

रबराची खपत : एक किमी. लांब व ७ मी. रुंद रस्त्यावर ४ सेंमी. जाडीचा थर द्यावयाचा झाल्यास २८० घ.मी., म्हणजे सु. ६६० टन मिश्रण लागते. त्यात बंधक ५·५ टक्के धरल्यास ते सु. ३६ टन होते व त्याच्या १० टक्के म्हणजे सु. ३·६ टन रबराचा चुरा लागतो. मालमोटारीच्या सु. ५० किग्रॅ. वजनाच्या टायरपासून ३३ किग्रॅ. चुरा मिळतो असे मानल्यास हे रबर सु. ११० टायरांचे, तर मोटारगाडीच्या टायरपासून ५ किग्रॅ. धरल्यास सु. ७०० टायरांचे होते. यावरून दोन गोष्टी कळतात. शहराच्या सर्व रस्त्यांचा विचार केल्यास ही खपत दुर्लक्षणीय नाही. पण रस्ते हाच टायरांच्या विल्हेवाटीचा एकमेव मार्ग होऊ शकणार नाही.

भारतातील मानके : भारतीय रस्ते परिषदेने सुधारित बिट्युमेनाच्या वापराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली व २००२ आणि २०१० मध्ये त्यांत सुधारणा केल्या. भारतीय मानक संस्थेचे पहिले मानक २००४ मध्ये निघाले. त्यात मृदुबिंदूनुसार ५०, ५५ व ६० असे चुरारबर-बिट्युमेनाचे तीन प्रकार अनुक्रमे थंड, मध्यम व उष्ण प्रदेशांसाठी दिले होते. २०१९ मध्ये रबरयुक्त बिट्युमेनासाठी आयएस १७०७९ हे स्वतंत्र मानक करण्यात आले. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील वाडा परिसरात टायरांवर प्रक्रिया करणारे अनेक कारखाने एकवटले आहेत.

पुण्याच्या रस्त्यांच्या संदर्भात : पुण्यातील जंगली महाराज रस्ता रस्तेबांधणीच्या चर्चेत नेहमी उदाहरण म्हणून दिला जातो. रेकॉन्डो या कंपनीने १९७६ मध्ये तो तप्त-मिश्रण पद्धतीने बांधला आणि दहा वर्षांची हमी दिली. हमीची मुदत उलटून गेल्यावरही तो कित्येक दशके खड्ड्यांवाचून टिकला. त्यात टायरचे रबर नव्हते. साधे बिट्युमेनही योग्य प्रतवारीची खडी, योग्य तापमान, पुरेशी दबाई व पाण्याचा निचरा यांची जोड मिळाल्यास दीर्घकाळ टिकते, हे या उदाहरणावरून दिसते. रबराने त्या गुणांत भर पडते. त्यांची उणीव भरून निघत नाही.

स्थानिक भूस्तराचाही विचार आवश्यक आहे. पुण्याभोवतीची खडी वाघोली व इतरत्रच्या खाणींतील काळ्या बेसाल्ट खडकाची असते. बिट्युमेन बेसाल्टास गारगोटीयुक्त खडकांपेक्षा चांगले चिकटते, परंतु खडीवर दगडाची धूळ राहिल्यास हा लाभ जातो. नदीकाठच्या व सखल भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा मातीवरील रस्त्याला खालून पडणाऱ्या भेगा वरच्या ४ सेंमी. थरातील रबराने थांबत नाहीत. त्यासाठी मुरूम व खडीचे खालचे थर नीट करावे लागतात. जलवाहिन्या, मलवाहिन्या व तारांसाठी वारंवार चर खणले जातात, तेथेही महाग बंधक वाया जाते, कारण चर बुजविताना मूळ प्रतीचे मिश्रण व दबाई क्वचितच मिळते. यास्तव रबरयुक्त बिट्युमेनाचा खरा उपयोग भूमिगत कामे पूर्ण झालेल्या, जड वाहतुकीच्या रस्त्यांवर, बसमार्गांवर व चौकांत होतो.

क्रीडांगणांतील वापर : उंचावरून पडणाऱ्या मुलाला होणारी इजा पडण्याच्या वेगाबरोबरच तो वेग किती अल्पकाळात शून्य होतो, यावर अवलंबून असते. थांबण्याचा काळ वाढला की, शरीरावरील आघात कमी होतो. पुण्यातील तालमींच्या हौद्यात तांबडी माती चाळून, तीत तेल, हळद, ताक इ. मिसळून ती खोदून भुसभुशीत ठेवतात, तिच्यामागचे तत्त्व हेच होय. फरशी, काँक्रीट किंवा चोपून घट्ट झालेली माती यांवर घसरगुंडी किंवा झोपाळा बसविणे याच कारणाने धोक्याचे असते.

रबरी पृष्ठभाग तीन प्रकारे करतात. पहिल्यात रबराचे सुटे कण खड्ड्यात जाड थराने पसरतात. दुसऱ्यात कारखान्यात दाबून केलेल्या लाद्या बसवितात. तिसऱ्यात खडीच्या किंवा काँक्रीटच्या पायावर पॉलियुरेथेनात कालवलेले टायरचे काळे कण जागेवरच ओततात व त्यावर सु. १ ते १·५ सेंमी. जाडीचा रंगीत संश्लिष्ट रबराचा थर देतात. खालचा थर आघात शोषतो, वरचा झीज व ऊन सोसतो. सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली निघून जाते.

थराची जाडी खेळसाधनाच्या उंचीवरून ठरवितात. चाचणीसाठी मस्तकाच्या आकाराचे, आत प्रवेगमापक असलेले वजन ठराविक उंचीवरून टाकतात. मस्तक-इजा निकषांक १,००० च्या व कमाल मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या २०० पटींच्या आत राहील अशी सर्वांत मोठी उंची ही त्या पृष्ठभागाची सीमान्त पतन उंची होय. सु. १·५ मी. उंचीसाठी साधारण ५ ते ६ सेंमी. जाडी लागते व उंचीबरोबर ती वाढत जाते. दिसायला सारखे असणारे दोन पृष्ठभाग या बाबतीत फार भिन्न असू शकतात. त्यामुळे रंग व नक्षी पाहून नव्हे, तर चाचणीचा दाखला पाहूनच काम स्वीकारणे इष्ट असते. उन्हाने रबर व बंधक कालांतराने कडक होतात आणि धुळीने छिद्रे बुजतात, म्हणून ही चाचणी काही वर्षांनी पुन्हा करावी लागते.

धावपट्ट्यांच्या बांधणीत १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिक सामन्यांपासून कृत्रिम पृष्ठभाग रूढ झाले. त्यांच्या अनेक प्रकारांत खालचा थर टायरच्या कणांचा असतो. पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडी येथे उभारलेल्या श्री शिव छत्रपती क्रीडासंकुलामुळे अशा पृष्ठभागांचा शहरास परिचय झाला. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथे झाल्या.

आरोग्य व पर्यावरण : टायर मुलांच्या खेळासाठी बनविलेला नसतो, ही गोष्ट विसरून चालत नाही. त्यातील तेलांत व काजळीत बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असतात व त्यांपैकी काही कर्करोगजनक आहेत. यूरोपीय संघाने कृत्रिम हिरवळीत भरल्या जाणाऱ्या व क्रीडांगणांवर सुट्या पसरल्या जाणाऱ्या कणांत अशा आठ संयुगांच्या एकूण प्रमाणावर किग्रॅ.मागे २० मिग्रॅ. ही मर्यादा ऑगस्ट २०२२ पासून लागू केली. कृत्रिम हिरवळीतील सुटे कण सूक्ष्म-प्लॅस्टिकाच्या रूपाने मातीत व पाण्यात जातात, म्हणून त्यांची विक्री तेथे २०३१ पासून बंद व्हावयाची आहे. पॉलियुरेथेनात घट्ट बांधलेल्या कणांपासून असा प्रसार पुष्कळच कमी होतो. लहान मुले वस्तू तोंडात घालतात, हे ध्यानी घेता त्यांच्या क्रीडांगणांवर सुटे कण टाळून बांधलेला थर, तोही वरच्या आच्छादनासह, वापरणे अधिक सुरक्षित होय.

टायरमधून जस्तही हळूहळू पाण्यात उतरते. टायरांतील ओझोनरोधक द्रव्यापासून बनणारे एक क्विनोन संयुग उत्तर अमेरिकेतील कोहो सामन माशांच्या मृत्यूस कारण होते, असे २०२० मध्ये सिद्ध झाले. हा दोष मुख्यत्वे रस्त्यावर धावणाऱ्या टायरांच्या झिजेचा आहे; तथापि मुळा-मुठेच्या काठच्या उद्यानांत सुटे रबरी कण वापरू नयेत, असे मानण्यास तो पुरेसा आधार देतो.

उष्णता ही पुण्यापुरती सर्वांत प्रत्यक्ष अडचण आहे. गडद रबर उन्हात गवतापेक्षा व मातीपेक्षा बरेच अधिक तापते आणि अनवाणी मुलांचे तळपाय पोळू शकतात. फिकट रंगाचा वरचा थर, पश्चिमेच्या बाजूस वड, कडुनिंब यांसारख्या वृक्षांची सावली आणि झोपाळे व घसरगुंड्या यांच्या पडण्याच्या जागेपुरताच रबराचा वापर हे त्यावरील साधे उपाय होत. संपूर्ण मैदान रबराने मढविण्यात लाभ नाही. धावण्याखेळण्यास मातीचे अंगण उत्तम असते व त्यात पाणीही मुरते.

कायदेशीर तरतुदी : भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये घातक व इतर कचऱ्याविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून टायरांचे उत्पादक व आयातदार यांच्यावर निकामी टायरांच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली. दोन वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या टायरांच्या वजनाच्या ३५ टक्के इतक्या टायरांची जबाबदारी २०२२–२३ साठी, ७० टक्के २०२३–२४ साठी व १०० टक्के २०२४–२५ साठी ठरविण्यात आली. उत्पादकांनी ती नोंदणीकृत प्रक्रियाकारांकडून प्रमाणपत्रे घेऊन पूर्ण करावयाची असते. तेल काढण्यासाठी निकामी टायर आयात करण्यास या नियमांनी मनाई केली आहे.

या व्यवस्थेचे यश गोळा करणाऱ्या साखळीवर अवलंबून आहे. शहरातील टायर पंक्चरवाला, टायर विक्रेता व भंगारवाला यांच्या हातून पुढे जातात आणि जो अधिक भाव देईल त्याला विकले जातात. भट्टीवाला चुरा करणाऱ्यापेक्षा अधिक भाव देऊ शकला, तर टायर भट्टीतच जातो. रस्त्यांच्या व उद्यानांच्या कामांत चाचणी झालेल्या रबराची निश्चित मागणी ठेवून नगरपालिका हा भाव बदलू शकतात. अशी मागणी नोंदविताना बंधकाची मानकानुसार तपासणी, दबाईच्या वेळच्या तापमानाची नोंद, कंत्राटदाराची अनेक वर्षांची हमी आणि क्रीडांगणांसाठी पतन-चाचणी व घातक द्रव्यांचा दाखला या अटी असणे आवश्यक आहे. त्या नसल्यास निकामी टायरचे केवळ स्थलांतर होते : अंगणातील ढीग रस्त्याच्या पृष्ठभागात जातो व काही पावसाळ्यांनंतर उखडलेल्या तुकड्यांच्या रूपाने पुन्हा कचऱ्यात येतो.